तिसऱ्या मुलीचं लुगडं

दर जुलैमध्ये मला एका म्हाताऱ्या राजाची गोष्ट शिकवावी लागते. यंदा मी ती शिकवली नाही. घसा बसल्याचं निमित्त सांगितलं, धडा शेजारच्या वर्गावरच्या सरांच्या गळ्यात घातला आणि स्टाफरूमचं दार लोटून बसले. सरांचा आवाज खणखणीत आहे, तो भिंतीपलीकडून येतच होता. धाकटी मुलगीच तेवढी खरी, असं ते मुलांना सांगत होते. मी बाटलीतलं पाणी उगाचच घोट घोट पीत राहिले.

गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे. मूळ ती जुनी इंग्रजी शोकांतिका, आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या पुस्तकात सोपी करून दिलेली. राजा थकतो. तीन मुलींत राज्य वाटून मोकळं व्हायचं ठरवतो आणि वाटणीच्या आधी विचारतो, माझ्यावर कोणाचा किती जीव आहे ते सांगा पाहू. मोठ्या दोघी तोंड भरून सांगतात आणि राज्य पदरात पाडून घेतात. धाकटी गोड बोलायला नकार देते, म्हणून तिला रिकाम्या हातानं घालवून देतात. पुढे मोठ्या दोघी बापाला घराबाहेर काढतात, तो भर वादळात वेडापिसा हिंडतो आणि शेवटी त्याच धाकटीचं प्रेत हातांवर घेऊन येतो.

बी.ए.ला मी हे नाटक पहिल्यांदा वाचलं ते गाइडमधून. मेहकरच्या वसतिगृहात एका खोलीत आम्ही चौघी, आणि गाइड सगळ्यांत मिळून एकच. शिकवणारे सर शेवटच्या प्रवेशाला चष्मा काढून पुसायचे. आम्ही तीन बहिणी आणि एक भाऊ; बहिणींत मी धाकटी. तेव्हा मी स्वतःला कोण समजत असेन ते सांगायला नकोच. पुरती दोन वर्षं मी कमी बोलून, मान किंचित तिरपी ठेवून वावरले. मोठी ताई एकदा बाबांना म्हणाली होती, "हिले दवाखान्यात दाखवा, मान आखडली वाटते."

पुढे बी.एड.ला पुण्यात असताना या गोष्टीवरचे सिनेमे पाहिले. एका परदेशी सिनेमात मुलींचे मुलगे झाले होते. दुसऱ्यात राजाचा शेतकरी झाला होता, आणि त्यात पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्या मुलींना विचारलं होतं, की बायांनो, तुमचं काय म्हणणं आहे? तो मला तेव्हा मुळीच आवडला नाही. मोठ्यांची बाजू कशाला मांडायची, असं मी हॉस्टेलवर तावातावानं बोलले होते आणि माझं बोलणं ऐकून पुण्याच्या मैत्रिणी हसल्या होत्या. माझ्या मुद्द्याला नव्हे, "मले" म्हणण्याला. नंतर अकोल्याला मराठी प्रयोग पाहिला. त्यात राजा धोतर-उपरण्यात होता आणि इतकं शुद्ध बोलत होता, की वादळालाही त्यानं अहोजाहो केलं असतं.

आणि आपले घरगुती सिनेमे तर विचारूच नका. टीव्हीवर दर रविवारी दुपारी हीच गोष्ट लागलेली असते. फक्त आपल्याकडे म्हातारा मरत नाही. तो गरिबीत दोन वर्षं काढतो, मोठा माणूस होतो, पोरं पाया पडायला येतात, आणि तो हात उगारून भाषण करतो. आमच्या घरी बाबा हे सिनेमे डोळे पुसत पाहायचे आणि सोबत आई, वहिनी, आम्ही सगळ्याच. हल्ली तेच तीन मिनिटांत बसवून मोबाइलवर येतं, बासरीच्या सुरावर, वृद्धाश्रमाच्या फाटकासकट. आमच्या बहिणींच्या ग्रुपवर मधली ताई रोज एक टाकते.

इतक्या तऱ्हा पाहिल्या. राजाचा जमीनदार झाला, शेटजी झाला, रिटायर्ड हेडमास्तर झाला, पण रडायचं कोणासाठी हे कधी बदललं नाही. रडायचं बापासाठीच. मीही रडले आणि वीसेक वर्षं पोरांना तसंच शिकवत आले.

आता घरचं सांगते. आमचं गाव जानेफळच्या बाजूला. सात एकर वावर आहे, आजोबांपासून चालत आलेलं. बाबा रस्त्याच्या गँगवर काम करायचे, सुटीच्या दिवशी वावर पाहायचे आणि तरुणपणी जलशात गायचे. त्यांनी तिन्ही मुलींना शिकवलं. ज्यांचा फोटो आमच्या वस्तीतल्या प्रत्येक घरात दर्शनी भिंतीवर आहे, त्यांनी बायकांच्या हक्काच्या कायद्यासाठी मंत्रिपदावर पाणी सोडलं, हे मला बाबांनीच मांडीवर घेऊन सांगितलं होतं. हे मी मुद्दाम सांगते आहे. नाहीतर बाबा कोणी दुष्ट माणूस वाटायचे, आणि ते तसे असते तर माझं काम फार सोपं झालं असतं.

आई गेल्यानंतर बाबांनी ठरवलं, की जितेपणी सगळं मोकळं करून द्यायचं. मोकळं करणं म्हणजे हक्कसोड. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा जो हिस्सा, तो त्यांनी भावाच्या नावे सोडून दिला असं लिहायचं आणि निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करायची. यात लपवाछपवी काही नसते. उलट त्याचा एक लहानसा समारंभच असतो. सकाळी जीपनं मेहकरला जायचं, सह्या करायच्या, समोरच्या हॉटेलात बहिणींना पेढे आणि भावाकडून प्रत्येकीला साडी. आमच्या वस्तीत हेच, पलीकडे मळे पिकवणाऱ्यांच्या आळीतही हेच. तिथे जयंती होत नाही एवढाच फरक.

भावानं तीन साड्या आणल्या. मोठीची जांभळी, मधलीची गुलबक्षी आणि माझी मेंदी रंगाची, मोहरी रंगाच्या काठाची. दोघी ताया गेल्या, सह्या केल्या, साड्या घेतल्या. मला त्या दिवशी परीक्षेची ड्युटी होती. खरीच होती, पण बदलून मिळाली असती. मी बदलून मागितली नाही. मग पुढची तारीख धरली तर मला कणकण आली. मेंदी रंगाची साडी दुकानाच्या पिशवीसकट बाबांच्या कपाटात पडून राहिली.

मला वावर कशाला हवं होतं? हे सगळ्यांनीच विचारलं, आणि तोंडावर विचारलं. "तुले काय कमी हाय?" मधली ताई संग्रामपूरहून फोनवर म्हणाली, "दोघं नोकरीवाले. भावाच्या ताटातलं कायले घेतं?" तिच्याशी मी भांडले, पण फोन ठेवल्यावर अंगाची लाही झाली ती तिच्यावरच्या रागानं नाही. लाज वाटली. कमी तर काहीच नव्हतं. मला फक्त सातबारावर बाबांच्या खाली माझं नाव पाहायचं होतं, आणि ही इच्छा इतकी उघडीनागडी वाटायची, की नवऱ्याजवळही मी ती कधी पूर्ण वाक्यात बोलले नाही. कायद्यानं जे माझं आहे ते मागायची एखाद्या चोरीसारखी लाज वाटावी, याचीही वेगळी लाज वाटायची.

तोंडानं मागता येईना, म्हणून मी ते नाटकातून मागायचं ठरवलं. हे अगदी मास्तरणीला शोभेल असंच झालं.

जयंतीला आमच्या वस्तीत दरवर्षी स्टेज बांधतात. भाषणं होतात, गाणी होतात आणि एखादं नाटुकलं बसवतात. फेब्रुवारीत मंडळाच्या पोरांनी मला विचारलं, "आत्या, यंदा तुमी लिवून द्या ना काही." मी तो राजा लिहून दिला. राजाचं काम बाबांशिवाय कोण करणार? सत्तरी उलटली तरी आवाज असा, की माइक नसला तरी चालेल. धाकटीचं काम शेजारच्या घरातल्या एका मुलीला दिलं. ती बुलढाण्याला नर्सिंग शिकते आणि मला आत्या म्हणते. मी पडद्यामागे उभी राहून वाक्यं पुरवणार होते.

विहाराच्या पटांगणात पहिल्या तालमीला निम्मी वस्ती जमली. मी पहिला प्रवेश वाचून दाखवला. राजा मुलींना राज्य वाटून देतो, इथपर्यंत आले आणि बायका हसायलाच लागल्या.

"बापानं पोरीले वावर देल्लं?" एक काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "कोनत्या देशातली गोष्ट हाय वं हे?"

"भाऊ नाई का त्याईले?" दुसरीनं विचारलं. "भाऊ नसंल, मंग ठीक हाय."

मी समजावून पाहिलं. उपयोग झाला नाही. या नाटकानं राजे पाहिले, सेनापती पाहिले, पण मुलींना जमीन मिळते यावरच कोणी अडून बसल्याचं मी कुठे वाचलं नव्हतं. बाबा पायरीवर बसून ऐकत होते. ते म्हणाले, "राजा नोको ठेवू माय. सात एकरवाला बाप ठेव. आन् एक पोरगा टाक. पोरी सही देतेत, असं कर. म्हंजे लोकायले पटन."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. चांगला नट जशी सूचना करतो तशी त्यांनी ती केली होती.

असं ते नाटक आमचं झालं. राज्याचे सात एकर झाले. "माझ्यावर किती जीव आहे ते सांगा" याच्या जागी "सही करा" आलं, कारण आमच्याकडे जीव तसाच मोजतात. मोठी सही करताना म्हणायची, "बाबा, तुमच्या पायाची धूळ मले पुरे." मधली त्याहून वरचढ काहीतरी म्हणायची. धाकटी म्हणायची, "बाबा, माहा जीव हाय तो हायेच. पन सही मी करत नाई." वादळाच्या जागी गारपीट आली. गारांचा आवाज काढायला मागे पत्रा टांगून दोन पोरांनी त्यावर गिट्टी फेकायची, असं ठरलं.

शेवटाला मात्र अडचण आली. बाबांच्यानं मुलगी हातांवर उचलवेना. पाठीत उसण भरायची. तेव्हा त्या हसणाऱ्या काकूनंच मार्ग काढला. लग्न झालेली बाई वारली, की माहेराहून लुगडं आणून तिच्यावर पांघरतात. इतर पुष्कळ रीती सोडल्या, पण ही आमच्याकडे टिकून आहे. "मंग बापानं लुगडं घेऊन यावं," काकू म्हणाली. "पोरीले उचलाचं कायले? लुगडं पाहूनच बाया रडतीन." झालं, प्रेताच्या जागी लुगडं आलं. मी मनात म्हटलं, साऱ्या जगात या शेवटाचा इतका साधा उपाय कोणाला सुचला नसेल. मोठ्या ताईचं एक जुनं पातळ त्यासाठी काढून ठेवलं.

तालमीत बाबा धाकटीला हाकलताना मी लिहिल्याप्रमाणे गरजायचे. मी रोज पुस्तिका धरून वाट पाहायची, की आज ते थांबतील, आज माझ्याकडे पाहतील. ते पाठ झालेलं बोलायचे आणि तोटीवर हात-पाय धुवायला निघून जायचे. एवढे शहाणे बाबा, त्यांना कळत नाही असं कसं होईल? मला त्यांचा संताप यायचा. आणि म्हाताऱ्या माणसाला रोज संध्याकाळी त्याच्याच घरातलं भांडण पाठ करायला लावणारी मी कोण, असंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी वाटायचं आणि मी रात्रीच्या जेवणाला मेहकरला माझ्या घरी परत यायची.

जयंतीच्या संध्याकाळी नाटकाआधी पाहुण्यांचं भाषण झालं. पाहुणे छान बोलले. मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा मिळावा म्हणून कोणी केवढी किंमत मोजली, ते त्यांनी सांगितलं. बायकांनी हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत माझ्या दोघी बहिणी होत्या, एक जांभळ्या साडीत, एक गुलबक्षी साडीत. त्यांनीही वाजवल्या.

मग नाटक सुरू झालं. मोठ्यांच्या सह्या झाल्या. ती मुलगी पुढे आली, मान ताठ ठेवून म्हणाली, सही मी करत नाही. आता बाबा गरजणार म्हणून मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. बाबा गरजले नाहीत. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं, खांद्यावरचा शेला सारखा केला आणि अगदी हळू, घरात बोलतात तसं म्हणाले,

"बरं माय. मंग चाय पिऊन जाय. पाहुनी हायस तू आता."

हे मी लिहिलेलं नव्हतं.

मग टाळ्या. आधी पुरुषांच्या, मागोमाग बायकांच्या, शिट्ट्यासुद्धा. भाषणाला पडल्या होत्या त्याहून जोरात. कोणीतरी ओरडलं, "वा बाबा, एका शब्दात काम!" लोकांनी मुलगी हाकलणाऱ्या बापाला डोक्यावर घेतलं होतं आणि त्यांच्या लेखी त्यात दुःखाचं काही नव्हतंच. ती पोरगी बिचारी पुढचं वाक्य विसरून माझ्याकडे पाहायला लागली. मला ते तिला पुरवायचं होतं. पुस्तिकेत ती ओळ सापडेना. शेवटी ती काहीच न बोलता निघून गेली आणि त्यालाही टाळी पडली.

गारपीट झाली, पत्रा वाजला, मोठ्या दोघींनी बापाला बाहेर काढलं. शेवटच्या प्रवेशाला मुलगी खाटेवर पांढऱ्या चादरीखाली निजली. बाबांनी पलीकडच्या बाजूनं यायचं होतं. ते आले आणि मी पडदा हातभर बाजूला सारला.

मोठीचं जुनं पातळ घाईत घरीच राहिलं होतं. ते आणायला बाबा मधल्या वेळेत स्वतःच गेले होते आणि कपाट उघडून समोर दिसलं ते घेऊन आले होते. दोन्ही हातांवर, एखादं लेकरू धरावं तशी, मेंदी रंगाची साडी होती. मोहरीचा काठ. दुकानाची चिठ्ठी अजून टोकाला तशीच होती. समोरच सापडली म्हणून आणली, की हीच आणायची होती, हे मी त्यांना आजवर विचारलेलं नाही. पहिल्या रांगेत मोठ्या ताईनं तोंडाला पदर लावला होता, एवढं मात्र मी पाहिलं.

शेवटाला मी त्यांना पानभर विलाप लिहून दिला होता. त्यांनी तो म्हटला नाही. साडीची घडी मोडली, मुलीच्या अंगावर पांघरली, पायाकडून ओढून सारखी केली आणि म्हणाले, "जितेपनी घेतलं नाई वं तू." मग खाटेच्या कडेला बसले आणि खरेच रडले. अख्खं पटांगण रडलं. आणि मी, जिनं हे नाटक धाकटीसाठी लिहिलं होतं, मी पडद्याचा बांबू धरून बाबांसाठी रडले. आजवरच्या सगळ्या सिनेमांना जे जमलं होतं, तेच माझ्या स्वतःच्या नाटकानंही केलं. मी उघड त्यांच्या बाजूला जाऊन बसले होते आणि खाटेवरच्या मुलीकडे माझं लक्षही नव्हतं.

लोक येऊन हात हातात घेत होते. "बापाचं दुःख काय दाखवलं बाई!" म्हणत होते. हिवरा आश्रम गावाहून आलेल्या एका गृहस्थांनी तर सांगितलं, की असं नाटक प्रत्येक मुलीनं पाहायला पाहिजे. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

मी त्या रात्री माहेरीच राहिले. सकाळी ओट्यावर बसले होते. आमच्या घरात चहा स्टीलच्या गिलासातून पितात. कपबशी वेगळी आहे, फुलाफुलांची, ती बाहेरच्या माणसासाठी. वहिनीनं चहा आणून माझ्यासमोर ठेवला तो कपबशीतून.

तिच्या मनात काही नव्हतं. एक सोडून सगळे गिलास पाहुण्यांच्या चहाला स्टेजकडे गेले होते, ते अजून परत आले नव्हते. तिनं तसं सांगितलंही, "गिलास तिकडंच राह्यले ताई." बाबा समोर बसून एकुलत्या उरलेल्या गिलासातून चहा पीत होते. मी बशीत चहा ओतला. ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी, दोन पोरांची आई, एका कपाकडे पाहून मी हुंदके देत होते. भाऊ मंडप सोडायला निघाला होता, तो दारातच थबकला.

"काऊन वं, काय झालं?" बाबांनी विचारलं.

मी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाले, "बाबा, मेहकरले कधी जाचं?"

त्यांनी गिलास खाली ठेवला. "तुह्या सवडीनं," म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला, आणि मला त्या उजळण्याचाही राग आला आणि त्याच उजळण्यानं जिवात जीवही आला. वहिनी आत गेली, कपाटातून साडी घेऊन आली. घडी पुन्हा घातलेली होती.

कचेरीत गर्दी नव्हती. फोटो काढला, अंगठे घेतले. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "स्वखुशीनं? कोणाचा दबाव नाही?" मोठी हो म्हणाली होती, मधली हो म्हणाली होती. तिसरीही हो म्हणाली. बाबा मागे बाकावर बसले होते, त्यांनी माझी पर्स धरली होती. समोरच्या हॉटेलात मी दोन पेढे खाल्ले, आणि ते गोड लागले. हे लिहितानाही चेहरा तापतो.

मे महिन्यात वस्तीत एक लग्न होतं. भावानं दिलेली साडी माहेरच्या कार्याला नेसून गेलं नाही, तर चर्चा होते, म्हणून मी तीच नेसून गेले. मंडपात पंख्याखालची खुर्ची धरून बसले होते, तेवढ्यात धाकटीचं काम केलेली ती मुलगी आली आणि शेजारी येऊन बसली. बुलढाण्याहून सुटीवर आली होती. चेहरा उन्हानं लाल झालेला, डोळे नुसते नाचत होते.

"आत्या, तुमालेच सांगाचं होतं," ती म्हणाली. "आमच्या घरी दिवाळीत सह्या हायेत. बाबानं कालच गोष्ट काढली. मी तं तोंडावर सांगून देल्लं, सही मी करत नाई. तुमी लिवलं होतं ना, सेम तसंच बोलली मी. मान पन तशीच ठेवली."

"मग?" मी विचारलं.

"मंग काय? आई रडून राह्यली, भाऊ बोलत नाई. मी म्हटलं, रडा. मले आत्यानं शिकवलं हाय."

बोलता बोलता तिचा हात माझ्या पदराकडे गेला. लग्नाच्या मंडपात बायका एकमेकींच्या साड्या अशाच हातात घेऊन पाहतात. तिनं काठ बोटांत धरला, उलटा करून पाहिला आणि एकदम हसली.

"अव आत्या, हे तं तेच लुगडं हाय! मी याच्याखाली मेली होती ना!"

मी पंख्याकडे पाहिलं. तिचं हसणं थोडा वेळ तसंच राहिलं. ती याच गावची मुलगी. भावानं बहिणीसाठी आणून ठेवलेली नवी साडी तिच्या अंगावर कधी येते, हे तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिनं एकदा समोर जेवणाच्या टेबलाशी उभ्या असलेल्या माझ्या बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सही केली का" असं तिनं विचारलंसुद्धा नाही.

काठ अजून तिच्या बोटांत होता. तिनं तो माझ्या मांडीवर नीट ठेवला, वरून हात फिरवून सारखा केला आणि उठून बायकांच्या पंगतीत जाऊन बसली.